लो पडत नाही!

काळाचौकीत चढ शोधायचा झाला तर दोनच जागा सापडतात. एक लालबागचा उड्डाणपूल आणि दुसरी, जुन्या चाळींचे जिने. पुलावर कुठलीही गाडी तिसऱ्या गियरमध्ये गुणगुणत चढते आणि जिन्यावर गाडी न्यायची परवानगी अजून कोणी मागितलेली नाही. वाळवंट नाही, बर्फ नाही. चिखल आहे, पण तो रस्ता खोदणाऱ्यांनी पावसाळ्यापुरता आणून दिलेला. नदी वर्षातून एकदोनदा हिंदमाताला वाहते आणि पंप सुरू झाले की निघून जाते. अशा सपाट मुलुखात एखाद्या गाडीचा डोंगर चढायचा खास गियर पडत नाही, याची खरं तर बातमीसुद्धा होऊ नये. पण आमच्याकडे झाली. अभ्युदय नगरपासून कॉटन ग्रीन स्टेशनच्या पुलापर्यंत माणसं एकमेकांना विचारत होती, "काय, दादाच्या जीपचा लो पडला का?"

दादा म्हणजे आमच्या गल्लीचा दादा. गुंड नव्हे, मंडळाचा. आणि जीप म्हणजे खरी जीप. हे मुद्दाम सांगायला लागतं, कारण 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार बाजारात आल्यापासून आमच्या भागात डोंगरी गाड्यांचं पीक आलंय. बिल्डरकडून भाड्याचे पैसे हातात पडले की पहिली थार येते, मग घराचा शोध सुरू होतो. टायर एवढे रुंद की आपल्याच गल्लीत वळताना आरसे मिटावे लागतात. यातही दोन जाती. एक खरी चारही चाकं ओढणारी. दुसरी 2023 पासून मिळणारी, फक्त मागच्या चाकांवर चालणारी. दुसरीत लो नसतोच, त्यामुळे तो अडकत नाही, गंजत नाही, त्याचं तेल बदलावं लागत नाही. काळाचौकीचा विचार केला तर शहाणी गाडी हीच. पण ती घेतलेला माणूस "फोर बाय फोर आहे का रे?" असं कोणी विचारलं की लगेच मायलेजवर बोलायला लागतो. आणि ज्याच्याकडे खरी आहे त्याने तो छोटा दांडा घेतल्या दिवशी शोरूमच्या आवारात एकदा हलवलेला असतो, फोटोसाठी.

दादाची जीप या मंडळींच्या आजोबांच्या पिढीतली. उंच बॉनेटची, सीजे-थ्रीबी म्हणतात ती. अमेरिकेत विलीज कंपनीने हे मॉडेल 1953 ला काढलं आणि 1968 ला बंद केलं. आपल्याकडे महिंद्रांनी ते त्यानंतरही बरीच वर्षं चालू ठेवलं, कारण आपण एकदा एखादी गोष्ट सुरू केली की तिला निवृत्त करणं जिवावर येतं. आता गंमत अशी की या जीपचं भारतातलं माहेर काळाचौकीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. स्वातंत्र्याच्या आसपासच्या त्या वर्षांत विलीजच्या जीपा सुट्या भागांच्या खोक्यांत बोटीने मुंबईला यायच्या आणि माझगावात जोडल्या जायच्या. कंपनीचं मूळ नाव महिंद्र अँड मोहम्मद. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, आधी अर्थमंत्री आणि 1951 ला गव्हर्नर जनरल झाले. इकडे पाटीवरचा एक एम रिकामा झाला तर तिथे दुसऱ्या महिंद्रांना बसवलं आणि नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. पाटी रंगवणाऱ्याचं एम अँड एम तसंच राहिलं. पैसे असे वाचवावेत.

दादा मात्र या इतिहासाचा उपयोग एकाच कामी करतो. कोणी जीपला भंगार म्हटलं की तो माझगावच्या दिशेला बोट दाखवून म्हणतो, "स्थानिक आहे ती. भूमिपुत्र."

आता लो म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. साध्या गाडीत इंजिनमागे गियरबॉक्स असतो आणि तिथून एक शाफ्ट मागच्या किंवा पुढच्या चाकांकडे जातो. जीपमध्ये गियरबॉक्सच्या पाठीला आणखी एक पेटी चिकटवलेली असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिची कामं दोन. एक, ताकद मागे आणि पुढे दोन्हीकडे वाटणं. दुसरं, आलेल्या ताकदीला आणखी एका गियरच्या जोडीतून नेऊन वेग कमी करणं आणि ओढ वाढवणं. तो लो. त्यासाठी गियरच्या मोठ्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे असतात. एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने हाय आणि लो करायचं. या दोहोंच्या मध्ये न्यूट्रल. या पेटीलाच स्पीडोमीटरची केबल असते आणि हिच्याच मागच्या तोंडावर हँडब्रेकचा ड्रम. एकत्र कुटुंबातली थोरली सून जशी सगळ्यांचं करते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही, तशी ही पेटी गाडीच्या पोटाखाली वर्षानुवर्षं तेल गाळत लटकलेली असते.

मूळ विलीजचे आकडे सांगतो, कारण हेच आकडे दादाने मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवले होते. पहिला गियर 2.8, लो 2.46 आणि अॅक्सल 5.38. तिन्हींचा गुणाकार सुमारे 37. म्हणजे इंजिन 37 वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं, मिनिटाला आठशे फेऱ्यांवर, तर जीप ताशी तीन किलोमीटरच्याही आत चालते. अॅक्सिलरेटरवर पाय नको, क्लचवर पाय नको. हाय मध्ये हीच जीप पहिल्या गियरला सातच्या पुढे पळते.

वाचकांच्या लक्षात आलंच असेल. ताशी तीन किलोमीटरच्या आत, न थांबता, न धापा टाकता चालणारं वाहन मुंबईत कोणाला लागतं? गणपतीला!

दादाच्या जीपला सह्याद्री ठाऊक नाही. तिचा वर्षातला एकच प्रवास, अनंत चतुर्दशीला काळाचौकीहून गिरगाव चौपाटी. मिरवणुकीच्या पुढे, बॅनर लावलेली, मागच्या बाकावर मंडळाचे चालू न शकणारे पण घरी बसू न शकणारे ज्येष्ठ कार्यकर्ते. लेझीम थांबलं की थांबायचं, चार पावलं सरकलं की सरकायचं. हायमध्ये हे करायचं म्हणजे रात्रभर अर्धा क्लच दाबून राहायचं, आणि अर्धा क्लच म्हणजे काय ते भायखळ्यापर्यंत नाकाला कळतं. गुलालाच्या वासात जळक्या प्लेटचा वास मिसळला की समजायचं, खर्च निघाला. लोमध्ये मात्र जीप एकदा चालायला लागली की दादा उतरून शेजारून चालतो आणि लोकांना प्रसाद वाटतो, असं तो सांगतो. आम्ही बघितलेलं नाही. पण अशक्य नाही, गणित तसंच म्हणतं.

तर गणपतीला थोडे दिवस असताना लो पडेना.

पहिलं निदान दत्ताराम लाड मार्गावर झालं, भर रस्त्यात. दादाने चालत्या गाडीत लो टाकायचा प्रयत्न केला. आतून मिक्सरमध्ये चमचा पडल्याचा आवाज आला आणि दांडा हायमधून सुटून न्यूट्रलला जाऊन बसला. आता या पेटीचा न्यूट्रल हा प्रकार फार फसवा. गियरबॉक्समध्ये पहिला गियर पडलेला, क्लच सोडलेला, इंजिन बोंबलतंय आणि जीप जागच्या जागी. मागे बेस्टची बस. बसचा ड्रायव्हर हॉर्न देत नव्हता. त्याने इंजिन बंद केलं होतं आणि खिडकीत कोपर ठेवून बघत होता. हॉर्नपेक्षा ते जास्त लागतं.

"क्लच गेला," पहिला म्हणाला.

"अॅक्सल तुटला," दुसरा.

"डिझेल टाकलंय का?" हा तिसरा. मुंबईत रस्त्यावर गाडी बंद पडली की हा तिसरा कुठून तरी येतोच. गाडी चालू असली, इंजिन कानठळ्या बसवत असलं तरी तो हेच विचारतो.

शेवटी चौघांनी ढकलून जीप कडेला घेतली. न्यूट्रलमध्ये असल्याने ती इतकी हलकी चालली की ढकलणाऱ्यांना वाटलं, दुरुस्त झाली. उभी केल्यावर दादाने सवयीने गियर टाकला आणि निर्धास्त उतरला. पण ट्रान्सफर केस न्यूट्रलला असली की गियर टाकून उभी केलेली गाडीही घरंगळते, कारण गियर आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. जीप शांतपणे निघाली आणि एका भाजीवाल्या मावशींच्या टोपलीला टेकली. मावशींनी दगड उचलला. आम्हाला वाटलं, काचेवर मारतात. त्यांनी तो चाकाखाली लावला आणि म्हणाल्या, "हँडब्रेक कशाला ठेवलाय, कपडे वाळत घालायला?" त्या संपूर्ण आठवड्यात जीपबद्दल दिला गेलेला हा पहिला उपयुक्त सल्ला.

पुढचे दिवस जीप गल्लीत उभी होती आणि तिच्याभोवती विद्यापीठ भरत होतं. काळाचौकीत मोटारमेकॅनिक थोडे, पण यंत्रज्ञान रक्तात आहे. दिग्विजय मिलचा भोंगा इथल्या दोन पिढ्यांनी ऐकलाय. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि गिरण्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण साच्यावर काम केलेले हात अजून गल्लीत आहेत आणि त्यांना काम नाही. आमचे जॉबरकाका त्यातले. लुंगी वर खोचून ते जीपखाली पाहायचे, दांड्याला दोन बोटं लावायचे आणि डोळे मिटायचे.

"मेल्या, जोर नको लावू," ते दादाला सांगायचे. "दाताला दात लागलाय. समोरासमोर आले तर आत जाणार कसे? गाडी वीतभर ढकल आणि मग टाक."

हे अगदी बरोबर होतं. या जुन्या पेटीत गियरचे वेग जुळवून घेणारी पितळी कडी नसते. दातांनी दातांच्या फटीत सरळ घुसायचं असतं. गाडी पूर्ण उभी, क्लच दाबलेला, गियरबॉक्स न्यूट्रल, आणि तरीही दात दातावर आपटले तर गाडी किंचित हलवून पुन्हा प्रयत्न. पुस्तकातही हेच लिहिलंय. पण मुंबईच्या ड्रायव्हरला गाडी पूर्ण उभी करायला सांगणं म्हणजे अपमान. सिग्नललासुद्धा तो सरकत असतो. त्याचं म्हणणं, उभं राहिलो तर मधे रिक्षा शिरेल. आणि काळाचौकीत रिक्षा येतच नाहीत हे त्याला पटवता येत नाही.

जॉबरकाकांच्या सांगण्यावरून गाडी वीतभर ढकलली. पुन्हा वीतभर. वीतवीत करत जीप गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली, लो पडला नाही.

मग थारवाला मुलगा आला. "सेन्सर असेल," तो म्हणाला. त्याचा काही दोष नाही. मधल्या काळातल्या काही गाड्यांत लो टाकायला दांडा नसतो, बटण फिरवायचं असतं. पेटीवरची छोटी मोटर आतला काटा सरकवते, आणि क्लचचा स्विच, वायरचा सॉकेट किंवा एखादा फ्यूज गेला तरी लो पडत नाही. अशा गाडीत आधी फ्यूज बघायचा, मग सॉकेटमधला गंज, मग मोटर. पण दादाच्या जीपमध्ये हॉर्न सोडला तर विजेवर चालणारं फारसं काही नाही. आणि हॉर्नही बेभरवशाचा.

मध्येच कोणाच्या तरी ओळखीने जीप एका वातानुकूलित गॅरेजात नेली. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने कॉम्प्युटरची वायर कुठे खुपसायची ते शोधलं, जागा सापडली नाही, आणि अतिशय अदबीने खर्चाचा अंदाज दिला. त्यात पेटी उतरवणं, नवी पेटी आणि "इतर" अशा तीन ओळी होत्या. सगळ्यात मोठा आकडा "इतर"समोर होता. दादाने तो कागद घडी करून खिशात ठेवला, आणि तो आजही मंडळाच्या सभेत वर्गणीचा विषय निघाला की बाहेर काढतो. "बघा, लोक काय काय मागतात. आपण तर फक्त पाचशे एक म्हणतोय."

शेवटी घोडपदेवच्या मिस्त्रींकडे जायचं ठरलं. हे आधीच का ठरलं नाही, असा प्रश्न पडू शकतो. पण आमच्याकडे ज्याला येतं त्याच्याकडे शेवटी जायची पद्धत आहे. आधी गेलं तर बाकीच्यांचं ज्ञान वाया जातं.

मिस्त्री वयस्कर, बोलणं कमी. त्यांनी जीपकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि चहा सांगितला. चहा संपेपर्यंत पान्याला हात नाही. मग प्रश्न सुरू झाले.

"तेल कधी बघितलं?"

दादाने मागचा गणपती सांगितला.

"पाण्यातून नेली?"

नेली होती. हिंदमाताला. आमच्याकडे 26 जुलै 2005 नंतर पाणी तुंबलं की जुन्या जीपांची इज्जत वाढते. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला होता आणि नव्या कोऱ्या गाड्या पोहत होत्या. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात दादाला कोणी तरी फोन करतं आणि दादा कोणाला तरी आणायला जातो. मिस्त्रींनी खालचा बोल्ट सैल करून दोन थेंब बोटावर घेतले. चांगलं गियर तेल मधासारखं दिसतं. पाणी शिरलं की ते दुधाळ होतं. हे दुधाळच होतं. दादाने समोरच्या चहाच्या ग्लासाकडे एकदा बघितलं आणि तो बाजूला सारला. मिस्त्रींनी जुनं तेल काढून नवीन भरलं. या जीपमध्ये गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधून तेलाला वाट असते, त्यामुळे एकीकडची घाण दुसरीकडे जाते. म्हणून दोन्हींचं तेल एकदम बदलायचं. कोणी "एकाचंच बदलू, स्वस्तात" म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नये.

तेल बदललं. लो पडला नाही.

"खाली बुश असतील गेलेले," बघ्यांपैकी एकजण म्हणाला. हाही चांगला अंदाज. दांडा वरून हलतो पण खालचे सांधे झिजले असतील तर ती हालचाल पेटीपर्यंत पोचतच नाही. मिस्त्रींनी जीपखाली एकाला झोपवलं आणि दांडे हलवायला लावले. सांधे ठीक. आतली गोळी-स्प्रिंग गेली असेल, काटा वाकला असेल, अशा सूचना आल्या. कोणी तरी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांना फोनही लावला. तिकडून "कुठल्या सालची?" विचारलं. दादाने साल सांगितलं. "कुर्ल्याला बघा," म्हणाले आणि ठेवला. कुर्ला म्हणजे भंगार बाजार. दादाला तो दिवसभर लागून राहिला.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि तिसरा प्रश्न विचारला. त्यासाठी मी त्यांना शंभर पैकी शंभर द्यायला तयार आहे.

"गाडीत नवीन काय लावलंत?"

नवीन काही नाही, दादा म्हणाला. मग आठवून म्हणाला, गणपतीसाठी जरा सजवली. सीटला भगवं रेक्झिन, आणि खाली जाड मॅट. फोम घातलेली. ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या पायांना बरं.

मिस्त्री खाली वाकले. लो कडे त्यांनी बघितलंही नाही. त्यांनी शेजारच्या दांड्याला, पुढच्या चाकांच्या दांड्याला हात लावला. तो पडलेला दिसत होता. पण पूर्ण बसलेला नव्हता. मॅटच्या फोमला टेकून बोटभर अलीकडे थांबला होता.

आणि इथे त्या अमेरिकन इंजिनियरांना दाद द्यायला हवी, ज्यांनी ही पेटी युद्धाच्या धामधुमीत जीपला बसवली. पेटीच्या आत दोन दांड्यांचे दोन रूळ शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्या मधे एक छोटी पोलादी गोळी. पुढची चाकं पूर्ण जोडली गेली नसतील तर ही गोळी लोच्या रुळात अडकून बसते. कितीही जोर लावा, लो पडणार नाही. कारण साधं. लोमध्ये ओढ जवळजवळ अडीचपट होते. ती सगळी एकट्या मागच्या अॅक्सलवर आली तर शाफ्ट पिळून तुटायचा. पुढचा भागीदार तयार असल्याशिवाय लो मिळणार नाही, अशी अट लोखंडात घालून ठेवलीय. सही, शिक्का, टाळाटाळ काही चालत नाही. मुंबईत इतक्या काटेकोरपणे पाळला जाणारा दुसरा नियम मला माहीत नाही.

म्हणजे आठवडाभर सगळी गल्ली लोला शिव्या घालत होती आणि लो आपलं काम चोख करत होता. चूक शेजारच्याची. शेजारच्याचीही नाही, मॅटची. मिस्त्रींनी कात्रीने मॅट गोल कापली, पुढचा दांडा टक् करून बसवला, मग दुसरा. लो पडला. आवाज असा आला की जॉबरकाकांनी नमस्कार केला.

मजुरी विचारल्यावर मिस्त्रींनी तेलाचे पैसे सांगितले. "मॅटचे?" दादाने विचारलं. "मॅटचे तुम्ही ज्याने लावली त्याच्याकडून घ्या," म्हणाले. मॅट जॉबरकाकांच्या मुलाने लावली होती. विषय तिथेच संपला.

इथे लेख संपायला हवा होता. पण दादा लोमध्येच घरी निघाला.

मिस्त्रींनी बजावलं होतं. पुढच्या चाकांवर हब लॉक आहेत, ते डांबरी रस्त्यावर उघडे ठेवा. हब उघडे असले की पुढची चाकं मोकळी फिरतात, दांडे सगळे आत असले तरी. हब बंद ठेवून डांबरावर वळलात तर पंचाईत. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. या पेटीत तो फरक सामावून घ्यायची सोय नाही. मातीत चाक थोडं घसरतं आणि फरक मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये साठत जातो आणि दांडा जाम होतो. पण इतके दिवस अडलेला लो हाताशी आल्यावर अर्धा फोर बाय फोर कोण चालवणार? दादाने दोन्ही हब बंद केले आणि जीप बॅरिस्टर नाथ पै मार्गावर काढली. दोन वळणं झाली. टायर कुरकुरले. तिसऱ्या वळणाला त्याने लो काढायला हात घातला, आणि लो निघेना.

ताशी तीन किलोमीटर. मागे पुन्हा बेस्टची बस. तोच ड्रायव्हर होता असं आमच्यातले काहीजण छातीठोकपणे सांगतात. मला खात्री नाही, कोपर तसंच होतं.

इलाज सोपा आहे. सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्यायचं, पीळ सुटतो. पण त्या रस्त्यावर संध्याकाळी रिव्हर्स घ्यायचं म्हणजे आधी बस, मग टेम्पो, मग टँकर असे सगळे मागे जायला हवेत, आणि टँकरवाल्याच्या मागे शिवडीपर्यंत काय होतं कोण जाणे. मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "पुढच्या एका चाकाला जॅक लावा." भर रस्त्यात जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटलं मात्र, धडाम् आवाज करून आपोआप गर्रकन फिरलं आणि थांबलं. सगळा साठलेला पीळ सुटला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. काहींना वाटलं मंडळाचा देखावा आहे. दांडा दोन बोटांनी बाहेर आला.

विसर्जनाला हब उघडे ठेवून, लो टाकून जीप गिरगावला गेली. मिस्त्रींचं म्हणणं, असं केलं की गोळीने घातलेल्या अटीला आपण बगल देतो, सगळी ओढ मागेच जाते; सपाट रस्त्यावर, माणसं बसवून चालेल, पण मागे ट्रॉली जोडून ओढायला गेलात तर शाफ्ट तुटेल आणि मग माझ्याकडे येऊ नका. दादाने ट्रॉली जोडली नाही. क्लचचा वास आला नाही. भायखळ्याला दादा खाली उतरून चालायला लागला का, यावर गल्लीत दोन मतं आहेत.

तेव्हा ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांना एवढंच सांगणं. लो पडत नसेल तर आधी गाडी पूर्ण उभी करा, गियरबॉक्स न्यूट्रलला आणा, वीतभर हलवून बघा. मग पुढचा दांडा नीट बसलाय का बघा, मॅट उचला, तेलाचा रंग बघा. पेटी उतरवण्याची गोष्ट यानंतर. लो महिन्यातून एकदा टाकत जा, पण मातीवर, डांबरावर नको. हँडब्रेक ओढायला विसरू नका. आणि दादाच्या जीपसाठी मंडळाकडे चौकशी करू नका. पुढच्या अनंत चतुर्दशीपर्यंत ती बुक आहे.